महिला महाविद्यालये होती, मग स्त्री-अभ्यास वेगळा कशाला?

प्रश्न : माझ्या भाचीला अमेरिकेतील एका विद्यापीठात ‘विमेन, जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी स्टडीज’ या विषयाला प्रवेश मिळाला आहे. हा विषय १९७० मध्ये सॅन दिएगो येथे सुरू झाला, असे ती सांगते. परंतु तिथे मुलींची नामवंत महाविद्यालये त्याच्या शंभर वर्षे आधीपासून होती. मग हा विषय त्यांच्यापैकी एखाद्या ठिकाणी का जन्मला नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्त्रियांचे शिक्षण आणि स्त्रियांविषयीचा अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या काळी पहिलीच्या यशामुळे दुसरीची वाट काही अंशी अडली, असे माझे मत आहे. माउंट होल्योक १८३७ मध्ये, व्हॅसर १८६५ मध्ये आणि स्मिथ १८७५ मध्ये सुरू झाले. मुलांना जे ग्रीक, लॅटिन आणि गणित शिकवतात तेच आणि तितक्याच कसाचे आम्ही मुलींना शिकवतो, ही या संस्थांची प्रतिष्ठा होती. मुलींना ते झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. ज्या अभ्यासक्रमाची बरोबरी साधण्यासाठी एवढी धडपड केली, तो अभ्यासक्रमच एकांगी आहे, असे त्यांनी कोणत्या तोंडाने म्हणावे? (आपल्याकडे महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला आणि स्त्रियांसाठी मातृभाषेतून वेगळा अभ्यासक्रम आखला; पण तोही आजच्या अर्थाने स्त्री-अभ्यास नव्हता.)

इतिहासाच्या पुस्तकांतून निम्मी माणसे गायब का, हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक होत्या गर्डा लर्नर. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आलेल्या या बाईंनी चाळिशीत पदवीचे शिक्षण घेतले आणि त्या पदवीधर होण्याआधीच, १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’मध्ये अमेरिकी इतिहासातील स्त्रियांवर एक वर्ग घेतला. पुढे १९७२ मध्ये त्यांनी सारा लॉरेन्स महाविद्यालयात स्त्रियांच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला.

आता सॅन दिएगो. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ या काळात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रदीर्घ संप झाला आणि त्यातून कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीचा स्वतंत्र विभाग मान्य झाला. विद्यार्थ्यांनी रेटा लावला तर विद्यापीठाला नवा विषय स्वीकारावा लागतो, हे त्यातून दिसले. सॅन दिएगो स्टेट हे त्याच शासकीय व्यवस्थेतले महाविद्यालय. तिथल्या विद्यार्थिनी आणि काही अध्यापिका यांनी १९६९ मध्ये समिती नेमली, सह्यांची मोहीम काढली, १९७० च्या वसंतसत्रात काही वर्ग पगाराविना चालवून दाखवले आणि मग सिनेटची मंजुरी मिळवली. शरद ऋतूत रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातही असा उपक्रम आकाराला आला, त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर अधूनमधून वाद होतो. रीतसर मंजूर झालेला पहिला कार्यक्रम म्हणून बहुतेक जण सॅन दिएगोचेच नाव घेतात.

शिकवायला पाठ्यपुस्तक नव्हते, ही खरी अडचण. कॉर्नेलशी संबंधित असलेल्या शीला टोबायस यांनी ठिकठिकाणच्या अध्यापिकांकडून त्यांचे आराखडे मागवले : कोणत्या आठवड्यात काय घ्यायचे, काय वाचायला लावायचे. अशा १७ अभ्यासक्रमांचे संकलन १९७० मध्ये ‘फीमेल स्टडीज’ या नावाने पिट्सबर्गच्या ‘नो’ (KNOW, म्हणजे ‘जाणा’) या छोट्या स्त्रीवादी प्रकाशनाने छापले. ज्यांना हा विषय शिकवायचा होता, त्यांच्या हाती प्रथमच काही तरी पडले. त्याच वर्षी फ्लॉरेन्स हाउ यांनी ‘फेमिनिस्ट प्रेस’ काढली आणि विस्मरणात गेलेल्या लेखिकांची पुस्तके पुन्हा छापायला घेतली. शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२ मधली ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १९७३ मध्ये त्यांनीच नव्याने आणली. आज ती तिथल्या असंख्य वर्गांत वाचली जाते. याच प्रेसने १९९० च्या दशकात भारतीय लेखिकांच्या लेखनाचे दोन खंड काढले. त्यांतून आपल्या मुक्ताबाई (संत नव्हे, तर फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी) आणि ताराबाई शिंदे अमेरिकेतील वर्गांपर्यंत पोहोचल्या, हे मराठी वाचकांनी जरूर लक्षात ठेवावे.

प्रश्न : अमेरिकी विद्यापीठांत याला कधी ‘डिपार्टमेंट’ तर कधी ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. हा केवळ शब्दांचा फरक आहे काय? (एक प्राध्यापिका, सांगली)

उत्तर : नाही, हा पैशाचा आणि पदांचा फरक आहे. विभागाकडे स्वतःची पदे असतात, नेमणुका तो करतो आणि कोणाला कायम करायचे याची शिफारसही तोच करतो. ‘प्रोग्रॅम’ला मात्र इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र या विभागांकडून अध्यापक उसने घ्यावे लागतात. अशा अध्यापिकेची बढती तिच्या मूळ विभागात ठरते, आणि तिथल्या ज्येष्ठांना स्त्री-अभ्यास हा ‘विषयच नव्हे’ असे वाटत असेल तर तिचे काय होणार, हे तुम्हाला सांगायला नको. तरीही अनेकींनी मुद्दाम हीच रचना पसंत केली. वेगळी खोली मिळाली की बाकीचे विभाग सुटकेचा निःश्वास टाकतील, ही भीती होती. सगळ्या विषयांत शिरून ते बदलायचे, हा हेतू होता.

कारभार कसा चालवावा हा दुसरा वाद. सर्वांनी मिळून निर्णय घ्यावेत की विद्यापीठाच्या पायऱ्या-हुद्द्यांची चौकट स्वीकारावी, या ओढाताणीत १९७४ मध्ये सॅन दिएगोच्या अध्यापिकांनी एकत्र राजीनामे दिले. कार्यक्रम मात्र टिकला. इतिहासकार मॅरिलिन बॉक्सर यांनी पुढे त्याची धुरा घेतली. १९७७ पर्यंत देशभरात असे २७६ कार्यक्रम झाले होते आणि त्याच वर्षी त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पहिली स्वतंत्र पीएच.डी. १९९० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आली. दुसरीकडे, फ्लोरिडातील न्यू कॉलेजच्या विश्वस्त मंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेंडर स्टडीज बंद करण्याच्या बाजूने मत दिले. आपल्या हक्काची पदे असणे कशासाठी, याचे उत्तर अशा वेळी कळते.

प्रश्न : ‘विमेन’ला ‘जेंडर’ का जोडले? स्त्रिया मागे पडल्या काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ‘स्त्री’ म्हणजे नेमकी कोण, हा प्रश्न आतूनच उठला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बॉस्टनमधील कंबाही रिव्हर गटाने १९७७ मध्ये आपले निवेदन काढले आणि वंश, वर्ग व लिंग यांची दडपणे एकमेकांत गुंतलेली असतात, असे ठामपणे मांडले. १९८१ मध्ये राष्ट्रीय संघटनेच्या स्टॉर्स (कनेक्टिकट) येथील अधिवेशनात कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी गोऱ्या सहकाऱ्यांसमोर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या रागाविषयी भाषण केले. त्यानंतर इतिहासकार जोन स्कॉट यांनी १९८६ च्या लेखात ‘जेंडर’, म्हणजे आपण ज्याला लिंगभाव म्हणतो ती संकल्पना, इतिहासाचे विश्लेषण करण्याचे साधन म्हणून पुढे ठेवली. स्त्री आणि पुरुष ही दोन्ही घडवली जातात, म्हणून दोहोंचा अभ्यास हवा, असा त्यामागचा विचार. नावे त्यानंतर बदलत गेली. हार्वर्डने २००३ मध्ये ‘स्त्रिया, लिंगभाव आणि लैंगिकता’ अशी पाटी लावली. या बदलात स्त्रियांचा प्रश्न पातळ होतो, अशी तक्रार जुन्या पिढीतल्या काही जणी करतात, आणि ती अगदीच निराधार आहे असे मला वाटत नाही.

मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न आपल्या बाजूने विचारला. पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनात ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ नेहमी एकसाची दिसते, गरीब, अशिक्षित आणि परंपरेने जखडलेली. हे चित्र रंगवून लिहिणारी स्वतःला आपोआप मुक्त ठरवते, असे त्यांनी दाखवून दिले. नाशिकच्या वाचकांनी भाचीला विचारून पाहावे : पहिल्याच सत्राच्या वाचनयादीत तो लेख असण्याची शक्यता बरीच आहे.