आधी घार पक्की कर

लगेच गरुड शोधायला निघू नकोस. आधी साताऱ्यातल्या बाजारावर घिरट्या घालणारी घार नीट बघ. मधे खाच पडलेली शेपटी आणि वळताना ती शेपटी कशी पिळते, हे डोळ्यांत बसलं की निम्मं काम झालं. कारण नवखे लोक ज्याला गरुड म्हणून फोटो पाठवतात, ती बहुतेक वेळा घारच असते!

रंगावर फार विसंबू नकोस. पिल्लू आणि मोठा पक्षी वेगळे दिसतात, शिवाय उन्हाविरुद्ध सगळेच काळे. पंखांची ठेवण, शेपटीची लांबी आणि उडण्याची ढब बघ. कोयना-चांदोलीकडे दाट झाडीच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख न हलवता संथ तरंगणारा, पिवळ्या पायांचा काळाकुट्ट पक्षी दिसला तर तो काळा गरुड. दुसऱ्यांची घरटी लुटत फिरतो. खालून पंखाच्या कडेलगत रुंद पांढरा पट्टा आणि मोठ्यानं शिट्टी, म्हणजे सर्पगरुड. तो बऱ्याचदा आधी ऐकूच येतो.

माण-खटावच्या माळांवर गणित वेगळं. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला, डोकं मोठं, पोट फिकं, असा दिसला तर सापमार गरुड. हिवाळ्यात गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून जाणारे ते भोवत्ये, म्हणजे हॅरियर जातीचे शिकारी पक्षी. त्यांच्या माद्या ओळखायला अवघड, नोंदीत नुसतं 'भोवत्या' लिहिलंस तरी चालेल.

पहाटे उठायची गरज नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली, की साधारण साडेनऊनंतर हे शिकारी पक्षी वर येतात. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं) दुर्बीण पुरे. घरट्याजवळ मात्र जाऊ नकोस.