रडू आलं, पण आणलं कुणी?

प्रश्न : आमच्या वाचनगटानं गेल्या महिन्यात लॉरा हिलेनब्रँड यांचं ‘अनब्रोकन’ वाचलं. अमेरिकन ऑलिंपिक धावपटू लुई झाम्परिनी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेतून कसा वाचला, त्याचं हे चरित्र. निम्म्या जणी रडल्या. बाकीच्या म्हणाल्या, लेखिका ठरवून डोळ्यांतून पाणी काढते. चरित्रात ही लबाडी नाही का? आणि भाचा आठवीत आहे, त्याला द्यावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ठरवूनच काढते हो! माझं आयुष्य वाचनालयाच्या काउंटरवर गेलं. ‘रडवणारं काहीतरी द्या’ म्हणून सरळ मागणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे रडवण्याला माझी हरकत नाही. फुकट रडवलं तर आहे.

तुमच्या गटाला मॅकची पानं पुन्हा वाचायला सांगा. २७ मे १९४३ ला लुईचं विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. अकरा जणांतले तिघे वाचले : लुई, वैमानिक फिलिप्स आणि शेपटाकडचा तोफची मॅकनमारा, म्हणजे मॅक. तराफ्यावर खायला काय, तर थोडं चॉकलेट. पहिल्याच रात्री बाकीचे दोघे झोपलेले असताना मॅकनं ते सगळं संपवलं. दुसरी एखादी लेखणी त्याला तिथेच खलनायक करून मोकळी झाली असती. हिलेनब्रँड तसं करत नाहीत. पुढे शार्क तराफ्यावर झेपावतो तेव्हा हाच मॅक वल्हं उचलून लुईच्या बरोबरीनं त्याला हाणतो, हेही त्या तितकंच नीट सांगतात. तेहतिसाव्या दिवशी मॅक जातो. मला रडू आलं ते तिथे, नायकासाठी नव्हे. उरलेले दोघे विमान कोसळल्यापासून ४७ दिवसांनी मार्शल बेटांपाशी पोचले आणि पकडले गेले.

लुईच्या आईचंही तसंच. मुलगा बेपत्ता झाल्यावर तिच्या हातांवर पुरळ उठलं, चिघळलं. पुढे सरकारनं त्याला मृत ठरवून विम्याचे १० हजार डॉलर दिले. घरच्यांनी ते बँकेत ठेवून दिले. ‘मातृहृदय’ वगैरे काही लिहावंच लागत नाही.

एक गंमत म्हणजे दीर्घ आजारानं घराबाहेर पडणं अवघड असलेल्या हिलेनब्रँड यांनी झाम्परिनींच्या मुलाखती फोनवरून घेतल्या. समोर बसून त्यांच्या प्रेमात पडायची सोय नव्हती, हे पुस्तकाच्या पथ्यावरच पडलं असं मला वाटतं.

आता तुमच्या दुसऱ्या पार्टीची बाजू. जपानमधल्या नाओएत्सूच्या युद्धकैदी छावणीत आजारी लुई जड लाकडी तुळई डोक्यावर धरून ३७ मिनिटं उभा राहतो. इथे मात्र पार्श्वसंगीत ऐकू येतं. त्यापेक्षा युद्धानंतरचा लुई मला जास्त खरा वाटतो. दारूच्या आहारी गेलेला, छावणीत छळ करणाऱ्या जपानी वातानाबेचा गळा स्वप्नात आवळणारा. आणि जाग येते तेव्हा हाताखाली गरोदर बायको! एवढं लिहून झाल्यावर १९४९ मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या प्रवचनानंतर सगळं निवळतं. तसं घडलं असेलही, झाम्परिनी स्वतः तेच सांगत. पण छळाला शेकडो पानं आणि सुटकेला एवढीशी जागा, हे माप मला पटलं नाही. तिथे बायकोच्या तोंडून आणखी ऐकायला मिळायला हवं होतं.

भाच्याचं म्हणाल तर मूळ पुस्तक आत्ता नको. ओफुना छावणीत कैद्यांचं एक लाडकं बदक होतं, गागा. एका पहारेकऱ्यानं त्याचं जे केलं, ते युद्धात पाहिलेल्या सगळ्यांत वाईट होतं, असं लुई म्हणत असे. ते पान आठवीतल्या मुलानं एकट्यानं वाचू नये. २०१४ मध्ये किशोरांसाठी वेगळी आवृत्ती निघाली आहे, ती द्या. तीही आधी तुम्ही चाळा, आणि तो काही विचारायला आला तर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणू नका.