‘नियमच बदलला, आता आमचं सगळं पाण्यात गेलं का?’

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत परदेशी व्हिसाच्या बदलत्या नियमांत अडकलेल्या इतक्या जणांनी माझ्याकडे विचारलाय की आता नवीन माणूस खुर्चीत बसायच्या आधीच मला तो ऐकू येतो. मी समुपदेशक आहे, व्हिसा एजंट नाही, कायद्याचा सल्ला देत नाही, हे पहिल्याच सेशनला सांगून टाकते. तरी लोक येतात, कारण फॉर्म कसा भरायचा ते एजंट सांगतो पण नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीयेत त्याचं काय करायचं ते तो सांगत नाही.

एक केस सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, नियम आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

अनघा आणि निखिल. तिला ब्रिटनमधल्या एका युनिव्हर्सिटीत एक वर्षाच्या मास्टर्सची ऑफर होती, सप्टेंबर २०२३ चा इनटेक. प्लॅन असा की ती स्टुडंट व्हिसावर जाणार, निखिल आणि पाच वर्षांची मुलगी डिपेंडंट म्हणून, म्हणजे तिच्या व्हिसाच्या आधारावर, सोबत, निखिल तिकडे नोकरी बघणार, आणि कोर्स संपला की ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतर तिकडेच काम करायच्या व्हिसावर, दोन वर्षं अजून. तेव्हाच्या नियमात हे सगळं नीट बसत होतं. एप्रिलमध्ये निखिल म्हणाला, लोनचं अजून पक्कं नाहीये, जानेवारीला ढकलूया, चार महिन्यांनी काय फरक पडतो. तिने मेल केला, अ‍ॅडमिशन डिफर झाली. आणि २३ मे २०२३ ला तिकडच्या सरकारने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून जे कोर्स सुरू होतील त्यात पीएचडी, रिसर्चवाले कोर्स आणि सरकारी स्कॉलरशिपवाले सोडले तर बाकी कुणालाही नवरा, बायको, मुलं सोबत नेता येणार नाहीत. अनघाने परत मेल केला, मला सप्टेंबरलाच घ्या म्हणून. उत्तर आलं, सप्टेंबरच्या जागा भरल्या.

माझ्याकडे आले तेव्हा तिने सोबत एक फाइल आणली होती. त्यात डिफरच्या मेलची प्रिंट, त्यावरच्या तारखेला पिवळा हायलायटर मारलेला, आणि ती तिने माझ्यापुढे सरकवली, म्हणजे मी जणू निकाल द्यायला बसलेय. निखिल म्हणाला, ‘मी काय ऋषी सुनकला विचारून सांगितलं होतं का?’ त्यावर ती, ‘तेच तर, कुणालाच न विचारता सांगतोस.’

अशा केसेसमध्ये मला हे जवळजवळ दर वेळी दिसतं. नुकसान झालंय, राग आलाय, आणि ज्याने निर्णय घेतला ते सरकार काही समोर बसलेलं नसतं, नवरा बसलेला असतो. कधी बायको, कधी ‘थोडं थांब’ म्हणालेले वडील, कधी कागद उशिरा देणारा एजंट. मग सगळा खटला त्याच्यावर चालतो. तो माणूस पण मनातून स्वतःला दोषी धरून बसलेला असतो, म्हणून तो जास्तच जोरात भांडतो.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारून दोघांना दिला आणि म्हटलं, एका बाजूला एप्रिलमध्ये तुम्हाला काय काय माहीत होतं ते लिहा आणि दुसऱ्या बाजूला २३ मे नंतर जे कळलं ते लिहा, आणि दुसऱ्या बाजूचं काहीही पहिल्या बाजूला येता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं पण अनघाला फार जड गेलं. ती सारखी लिहायची ‘नियम कडक होणार असं वाटत होतं’ आणि मी विचारायचे, एप्रिलमध्ये वाटत होतं की आत्ता वाटतंय? मन नंतरचं शहाणपण गुपचूप मागच्या तारखेत नेऊन ठेवतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की एप्रिलमध्ये मी पण हो म्हणाले होते, मला पण आईच्या ऑपरेशननंतर जायचं होतं. निखिलला हे माहीतच नव्हतं.

तिचं दुसरं वाक्य असायचं, ‘म्हणजे आम्ही त्यांना नकोय.’ यावर लोक पटकन सांगतात की मनाला लावून घेऊ नकोस. मी नाही सांगत, कारण त्यात थोडं तथ्य आहे, त्या सरकारला लोक कमीच हवे होते. पण त्यांनी अनघाची फाइल बघून हे ठरवलेलं नव्हतं. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्या डिपेंडंटना साधारण १६,००० व्हिसा दिले गेले होते, २०२२ मध्ये तो आकडा १,३६,००० च्या आसपास गेला. आकडा फुगला, तिकडे राजकारण तापलं, आणि कात्री चालली. आधीही असंच झालंय. शिक्षणानंतर काम करायचा व्हिसा ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केला, २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट म्हणून परत आणला, आणि आता १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना (पीएचडी सोडून) दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर, म्हणजे तिकडे शिकायच्या परवान्यांवर, मर्यादा घातली तेव्हा घरांच्या टंचाईचं कारण पुढे होतं. अनघा म्हणाली, यात माझी लायकी कुठेच येत नाही का? नाही येत. हे ऐकून तिला बरं वाटलं असं नाही, उलट थोडी चिडलीच, पण स्वतःला नापास समजणं थांबलं.

निखिलचा त्रास वेगळा होता. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर व्हिसाचे ग्रुप वाचत बसायचा. जुलै २०२३ मध्ये हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासोबत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम, वाढणार असं जाहीर झालं, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ४७० पाउंडावरून ७७६, आणि लगेच ‘आजच अर्ज टाका’ म्हणून एजंटचे फोन सुरू. प्रत्यक्षात ती वाढ लागू झाली ६ फेब्रुवारी २०२४ ला. मी त्याला एकच सवय लावली, कुठलीही बातमी आली की आधी ठरव, ही नुसती चर्चा आहे, जाहीर झालंय, की लागू झालंय? आणि लागू होणार असेल तर कुणाला, नव्याने अर्ज करणाऱ्यांना की आधीच आत असलेल्यांना पण? हे सरकारच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघायचं, ग्रुपवर नाही, आणि दिवसातून एकदा, जेवणाआधी. (जेवणानंतर म्हटलं की लोक रात्री दोनपर्यंत पोचतात.)

यातला ‘कुणाला लागू’ हा प्रश्न लोक हमखास विसरतात. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरच्या फीचा आदेश निघाला, २१ तारखेपासून लागू. कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना मेल टाकले, ताबडतोब परत या. माझ्याकडे नंतर आलेला एक जण वडिलांच्या ऑपरेशनसाठी घरी आला होता, वडील अजून हॉस्पिटलमध्येच, आणि हा मिळेल त्या भावात तिकीट काढून निघाला. तो तिकडे उतरेपर्यंत खुलासा आला होता की ही फी फक्त नवीन अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. त्याची चूक होती असं मी अजिबात म्हणत नाही, त्या दिवशी मोठमोठ्या कंपन्यांच्या वकिलांनाही नीट कळलेलं नव्हतं. पण वडिलांना तसं सोडून आल्याचा सल अजून गेलेला नाही, आणि आमची सेशन्स व्हिसावर कमी आणि त्यावरच जास्त चालतात.

परत अनघाकडे येते, कारण खरी गाठ पुढे सुटली. भांडण जरा शांत झाल्यावर मी निखिलला एकट्याला भेटले. बराच वेळ लोन, शाळा असं बोलून झाल्यावर तो म्हणाला की खरं सांगू का, ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा हायसं वाटलं. इथे त्याच्या हाताखाली टीम होती, आणि तिकडे गोडाउनमध्ये रात्रपाळी करावी लागेल या विचाराने तो महिनोन्महिने पोखरला होता, पण बायकोचं स्वप्न मोडणारा म्हणून ओळखलं जायचं नव्हतं, म्हणून बोलला नाही. नियमाने त्याला परस्पर सोडवलं. आणि ते हायसं वाटलं म्हणून तो स्वतःला गुन्हेगार समजत होता, आणि ती बोट दाखवायची तेव्हा त्याला वाटायचं हिला कळलंय.

हे त्याने तिला माझ्यासमोर सांगितलं. ती रडली, चिडली, मग म्हणाली, ‘मग हे आधी बोलला असतास तर मी एकटीच जायचा विचार केला असता.’ म्हणजे ज्या पर्यायाला ते दोघं संकट म्हणत होते तो तिने मनात कधीच तपासून ठेवला होता. घरचे अर्थात म्हणालेच, मुलीला टाकून जाणार का? निखिल एकटा जाणार असता तर हा प्रश्न कुणी विचारला नसता, आणि हे मी त्या घरात स्पष्ट बोलले.

अनघाने एकटीने जायचं ठरवायच्या आधी मी त्यांना अधिकृत सल्लागाराकडे पाठवलं. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्यांची सरकारी नोंदणी असते, आता त्या संस्थेचं नाव इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी आहे. तिथे एक महत्त्वाची गोष्ट कळली जी एजंटने सांगितलेली नव्हती. स्टुडंट व्हिसावर नवरा आणि मुलगी डिपेंडंट म्हणून सोबत नसतील तर पुढे ग्रॅज्युएट रूटवरही त्यांना तसं बोलावता येत नाही. म्हणजे एका वर्षाचा नाही, तिघांनी एकत्र राहायचं तर स्पॉन्सर देणारी, म्हणजे कंपनीच व्हिसासाठी पुढे होईल अशी, नोकरी मिळेपर्यंतचा प्रश्न. वाईट बातमी होती, पण जायच्या आधी कळली.

मग त्यांनी हद्द लिहून ठेवली. लोन किती रकमेच्या वर न्यायचं नाही, आणि ग्रॅज्युएट व्हिसा संपेपर्यंत स्पॉन्सर मिळाला नाही तर अनघा परत येणार, त्यावर पुन्हा वाद नाही. जायच्या तोंडावर, ४ डिसेंबरला, नवा दणका आलाच. स्किल्ड वर्करसाठी, म्हणजे कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसासाठी, पगाराची किमान अट २६,२०० पाउंडावरून ३८,७०० होणार. तिचा फोन आला, आवाज कापत होता. आम्ही तेच केलं, जाहीर की लागू, कधीपासून, कुणाला. एप्रिल २०२४ पासून, आणि शिक्षण संपवून नव्याने नोकरीत शिरणाऱ्यांना सवलत होती, ३०,९६० पाउंड. तरी सोपं नव्हतंच. पण हद्द आधीच लिहिलेली होती, म्हणून सगळं पहिल्यापासून उकरायची वेळ आली नाही. जानेवारीत ती गेली.

आता ती ग्रॅज्युएट व्हिसावर काम करतेय. जुलै २०२५ मध्ये पगाराची ती अट परत वाढली, ४१,७००, सवलतवाल्यांना ३३,४००. कंपनीशी स्पॉन्सरशिपचं बोलणं चालू आहे, होईल की नाही मी सांगू शकत नाही. निखिल आणि मुलगी व्हिजिटर व्हिसावर सुट्टीत जाऊन आले. दोघं अजूनही भांडतात, पण हल्ली मुलीच्या स्क्रीनटाइमवरून वगैरे.

सध्या आमच्याकडे विषय आहे मुलीला काय सांगायचं हा. तिने आजीकडून ऐकलंय की पुढच्या वर्षी आपण सगळे तिकडे राहणार, आणि ती शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीये. मी निखिलला म्हटलं, जे दुसऱ्या देशाच्या सरकारच्या हातात आहे त्याचं वचन मुलीला देऊ नका, आजीलाही तसंच सांगा. मम्मा रोज किती वाजता फोन करते हे सांगा, सुट्टीत भेटायचं तिकीट काढलं की ती तारीख सांगा, आणि तिने ‘नक्की कधी’ विचारलं तर ‘अजून ठरलं नाही, ठरलं की तुला लगेच सांगू’ एवढंच म्हणा. निखिल म्हणाला, ती परत परत विचारते. विचारू दे, परत परत तेच उत्तर द्या.