‘पण खात्री काय, मॅडम?’

सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडे समुपदेशनासाठी जी मुलं आणि पालक येतात, त्यांचं एक वाक्य आता मला तोंडपाठ झालंय. विषय कुठलाही असो, स्पर्धा परीक्षा, चित्रकला, परदेशी शिक्षण, संशोधन. शेवटी प्रश्न तोच. ‘एवढं करून पुढे काय? खात्री काय?’ विचारणारा कधी बाप असतो, कधी मुलगी स्वतःच. अलीकडे हे इतक्या वेळा ऐकलं की एका मुलीबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण मुग्धा म्हणू.

मुग्धा सत्तावीस वर्षांची. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी. हे तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी, काय असतं हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. जितके तास तितके पैसे, तेही रखडत येणारे, आणि सुट्टीचे महिने कोरडे. वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. घरात स्थळं बघणं सुरू झालेलं. आणि हिला करायचं होतं संभाव्यतेच्या तत्त्वज्ञानात आणि निर्णयशास्त्रात संशोधन. पुढे जमलं तर त्यातच अध्यापन.

आली तेव्हा झोप उडालेली होती. पिशवीतून तिनं चौकटींची वही काढली. प्रत्येक पानावर एकच तक्ता: डावीकडे ‘तत्त्वज्ञान’, उजवीकडे ‘बँकेची परीक्षा’, खाली पगार, घरच्यांचं समाधान, आवड, लग्न, वय. प्रत्येकाला गुण, प्रत्येकाला टक्के, तळाशी बेरीज. अशी पानंच्या पानं. आकडे खोडून पुन्हा लिहिलेले, काही ठिकाणी कागद खरवडून पातळ झालेला.

‘हे टक्के कुठून आले?’

‘माझेच. अंदाजे.’

‘मग पानागणिक बदलतात कसे?’

‘आदल्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं.’

ही मुलगी अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा याचं गणित वर्गात शिकवू शकत होती. तिला माहितीची उणीव नव्हती. दर रात्री ती त्या तक्त्याकडे एकच गोष्ट मागत होती: मला आत्ता, आजच सांग, की मी पस्तावणार नाही. हे देणारा तक्ता अजून कुणी केलेला नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. त्यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी इतकी वर्षं वापरते आहे आणि तिच्यावर माझा भरवसा वाढतच गेला आहे. माणसाला प्रसंग छळतो त्यापेक्षा त्या प्रसंगाकडून केलेला हट्ट जास्त छळतो, हा तिचा गाभा. यश मिळावं असं वाटणं निरोगी आहे. यश मिळणारच असं आधी लिहून द्या, मगच पाऊल उचलते, हा हट्ट झाला. पण मुग्धासारख्या हुशार मुलीला हे माझ्या तोंडून सांगून उपयोग नसतो. ती मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा बेरीज करते. म्हणून वडिलांना बोलावलं.

आप्पा आले, खुर्चीच्या कडेला बसले. ‘मॅडम, मी फार शिकलेला न्हाई. हिचा विषय काय ते मला कुणी नीट सांगितलंच न्हाई.’

मी मुग्धाला म्हटलं, एकही अवघड शब्द न वापरता सांग.

‘आप्पा, मोबाईलवर येतं ना, उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के. उद्याचा दिवस तर एकदाच येणार. पाऊस पडेल, नाहीतर पडणार नाही. मग हे सत्तर टक्के कशाचे?’

‘असल्या शंभर दिवसांत सत्तर दिवस पडतो म्हणून.’

‘असला दिवस म्हणजे कसला? वारा, ढग, उकाडा, सगळं तंतोतंत सारखं असलेला दुसरा दिवस मिळतच नाही.’

आप्पांनी विचार केला. ‘मग सांगणाऱ्याला किती भरवसा वाटतोय, ते असंल.’

‘ही दोन उत्तरं तुम्ही दोन मिनिटांत दिलीत. यांच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.’

खरंच तसं आहे. पहिल्या उत्तराची बाजू इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1866 मध्ये विस्ताराने मांडली. दुसऱ्याची तिथलेच गणिती-तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी यांनी 1926 च्या निबंधात. त्यांचं म्हणणं, माणसाचा भरवसा किती हे तो कितीची पैज लावायला तयार आहे त्यावरून कळतं. हे रॅम्सी 1930 मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेले. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळची पातळी 45 फुटांची धोक्याची खूण ओलांडून वर चढत असताना घरातलं सामान हलवायचं की थांबायचं हे ज्यांनी ठरवलं, त्या सांगलीकरांना हा विषय परका वाटायचं कारण नाही. नळ-दमयंतीच्या गोष्टीतही तो आहे. ऋतुपर्णाने बेहड्याच्या दोन फांद्यांवरची पानं-फळं न मोजता सांगितली, नळाने मोजून पाहिली, आणि मग त्याच्याकडून फाशांची विद्या शिकून घेतली. मुग्धाने हे सांगितलं तेव्हा आप्पा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले.

पण प्रश्न सुटला नव्हता. ‘समजलं मॅडम. चांगला विषय हाय. ह्यातनं नोकरी लागंल का?’

इथे समुपदेशकाने गोड बोलू नये. मी जे आहे ते सांगितलं. आपल्याकडच्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञानाच्या जागा मोजक्या, आणि त्यात संभाव्यतेवर काम करणारे फारच थोडे. मुग्धाची पदवी संख्याशास्त्राची, त्यामुळे आधी तत्त्वज्ञानात एम.ए. करावं लागेल, मग नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. मुंबई, कानपूरच्या आयआयटींत मानव्यविद्या विभागांतून तत्त्वज्ञानात पीएच.डी. होते. परदेशात म्युनिकच्या विद्यापीठात गणिती तत्त्वज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाची जुनी परंपरा आहे. कायम जागा मिळाली तर सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. मिळाली तर. ती मिळेलच असं मी म्हणू शकत नाही.

आप्पांचा चेहरा पडला. मुग्धाची वही उघडली. मग मी आप्पांना त्यांच्या धंद्याबद्दल विचारलं.

‘यंदाची हळद सोडली की धरलीय?’

‘निम्मी सोडली, निम्मी धरलीय.’

‘भाव चढेल असं वाटतंय ना? मग सगळी का नाही धरली?’

‘वाटतंय की. पण वाटण्यावर सगळी धरत न्हाईत. बँकेचा हप्ता, हमाली, शेतकऱ्याचं देणं, एवढं निघंल इतका माल आधी सोडायचा. उरलेला धरायचा. कर्ज काढून माल धरणारा एका मंदीत बसतो.’

‘आणि धरलेल्याचा भाव पडला तर?’

‘पडलाय की. मागं एकदा चांगलाच पडला.’

‘म्हणजे तेव्हा तुमचा निर्णय चुकला.’

आप्पा जरा चिडलेच. ‘चुकला कसा? आवक कमी दिसत होती, उठाव चांगला होता. कुणीबी धरलाच असता. भाव पडला ही गोष्ट येगळी.’

मी म्हटलं, हे शेवटचं वाक्य मुग्धाकडे बघून परत म्हणा. त्यांना कळेना मी का सांगते आहे, पण त्यांनी म्हटलं. मुग्धा बराच वेळ वहीची पानं उलटत राहिली, पुढून मागे, मागून पुढे.

‘आप्पा, हे माझ्या वहीत कुठंच नाहीये. नोकरी लागली नाही म्हणजे निर्णय चुकला, असंच मी प्रत्येक पानावर धरलंय.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की ते वाक्य त्या माणसाचं राहत नाही. थोड्या वेळाने तीच वडिलांना सांगू लागली, की निम्मा माल सोडण्याचा त्यांचा नियम डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये कागदावर मांडलाय: ज्याच्याजवळ थोडं आहे त्याला तोच रुपया जड असतो, म्हणून सरासरी फायदा कितीही मोठा दिसला तरी सर्वस्व पणाला लावायचं नसतं. आप्पा म्हणाले, ‘हे मला आमच्या बानं सांगितलं.’

या कामात मला सर्वांत जास्त समाधान देणारे क्षण हे असे आहेत. बाप मुलीच्या विषयाला घाबरत होता आणि हयातभर तोच विषय जगत होता. मुलगी तो विषय पुस्तकात शोधत होती आणि तो घरातच, जेवणाच्या पानावर मिळत होता. त्या दोघांमधला अबोला पगाराच्या आकड्यामुळे नव्हता.

त्या दिवसानंतर आमच्या भेटींतला प्रश्न बदलला. ‘यश मिळेल का?’ हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला, कारण त्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. ‘नाही मिळालं तर किती सोसेल?’ याला मात्र उत्तर असतं, आणि ते आकड्यांत देता येतं. किती वर्षं, किती रुपये, कुठली तारीख. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच पालकांना मी हे विचारते. मुलाकडे हमी मागू नका, तुम्हाला किती झळ सोसते ते त्याला मोकळेपणाने सांगा. ‘तुला हवं ते कर’ म्हणणारे आणि मनातल्या मनात हिशेब ठेवणारे आईवडील मुलांना सर्वांत जड जातात. विरोध करणाऱ्यांपेक्षाही.

दुसरं, मोठी उडी घेण्याआधी स्वस्तात जेवढं कळून घेता येईल तेवढं घ्या. मुग्धाला म्हटलं, नोकरी सोडू नको. इग्नूमधून तत्त्वज्ञानाचं एम.ए. घरी राहून करता येतं, ते सुरू कर. रॅम्सींचा तो निबंध मुळातून वाच आणि त्यावर स्वतःची आठ-दहा पानं लिही. लिहिताना कंटाळा आला तर तीही माहितीच आहे, आणि ती पाच वर्षं खर्चून मिळण्यापेक्षा आत्ता मिळालेली बरी. तिला कंटाळा आला नाही. ती पानं तिनं मला वाचायला दिली. सगळी समजली नाहीत, पण ती मुलगी त्यात कुठेही भ्यायलेली नव्हती.

तिसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. निर्णय घेतला की त्याची कारणं तारखेसह लिहून ठेवा: आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, कशावर भरवसा ठेवतो आहोत. पुढे निकाल वाईट लागला की मन जुनी आठवण बदलतं, ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ म्हणू लागतं. कागद बदलत नाही.

आणि दुसरी वाट म्हणजे हार नव्हे. इटलीचे ब्रुनो द फिनेत्ती या विषयातले अव्वल नाव. त्यांनी 1937 चा आपला गाजलेला प्रबंध लिहिला तेव्हा ते त्रिएस्तला एका विमा कंपनीत नोकरी करत होते. थॉमस बेज धर्मोपदेशक होते. ज्या निबंधामुळे आज त्यांचं नाव घेतात तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये छापला गेला. मुग्धासाठी विमा आणि जोखीम-मोजणीची क्षेत्रं खुली आहेत, तिची एम.एस्सी. वाया जात नाही.

एक सूचना करायलाच हवी. झोप आठवडेच्या आठवडे गेली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर करिअरचा प्रश्न मागे ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मुग्धाला मी पहिल्या भेटीत हेच विचारून घेतलं होतं.

ती आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे, तास चालू आहेत. जेआरएफची वयोमर्यादा तीस असली तरी मुलींना पाच वर्षांची सवलत आहे, हे कळल्यावर आप्पा म्हणाले, ‘पस्तीसपर्यंत मुदत हाय म्हणून पस्तीसपर्यंत थांबायचं न्हाई.’ नेटचे दोन निकाल बघून परत तिघांनी बसायचं असं ठरलंय. तोवर घरात स्थळांचा विषय मुग्धा काढेल तेव्हाच निघेल. हे सगळं एका कागदावर लिहिलं, तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या. खाली आप्पांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘फी मी भरणार. सोडलेल्या मालातून, धरलेल्या नाही.’