डोंगरातल्या घरासाठी स्कॅनर कोणता घ्यावा?

प्रश्न : नमस्कार काका. गेल्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियातलं सनीव्हेल सोडून सांताक्रूझच्या डोंगरात बेन लोमंडला घर घेतलं. नवरा आठवड्यातून तीन दिवस सॅन होजेला ऑफिसात जातो, मीही दोन दिवस जाते. त्या वेळी घरी सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा असतो. आमचा हा पहिलाच वणव्याचा मोसम. शेजारी म्हणतात, अग्निशमन दलाचं आणि पोलिसांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्कॅनर घ्या, तोही युनिडेनचा एसडीएस१००, त्याच्या वर काही नाही. पण तो सातशे डॉलरच्या आसपास आहे. नवरा म्हणतो, फोनवर ॲपमध्ये सगळं फुकट ऐकू येतं. तुम्ही या डोंगरात राहिला आहात, म्हणून विचारते.
– बेन लोमंडची एक वाचक

उत्तर : युनिडेनचाच घ्या, पण बीसी१२५एटी. शंभर ते दीडशे डॉलरमध्ये मिळतो, दोन डबल-ए सेलवर चालतो आणि सासूबाईंच्या हातात सहज मावतो. एसडीएस१०० फार चांगलं यंत्र आहे. पण ते ज्या दुखण्यावरचं औषध आहे, ते दुखणं तुमच्या खोऱ्यात नाही.

दुकानात सगळे आधी यंत्र बघतात. आधी बघायचं असतं ते, आपल्याला ज्यांना ऐकायचंय ते रेडिओच्या कुठल्या पट्ट्यावर (बँडवर) आणि कसे बोलतात. सॅन लोरेन्झो खोऱ्यात वणवा लागला की कॅलफायर, म्हणजे राज्याचं अग्निशमन खातं, येतं. त्यांच्या या विभागाचं मुख्यालय तुमच्या शेजारी फेल्टनलाच आहे. ते १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या ॲनालॉग एफएमवर बोलतात. हायवे पेट्रोल ३९ ते ४५ मेगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यावर असते, आणि डोंगरातून सॅन होजेकडे जाणारा १७ नंबरचा रस्ता कुठे तुंबलाय किंवा बंद झालाय हे त्यांच्याकडून फार लवकर कळतं. हवामान खात्याचे सात चॅनेल १६२.४०० ते १६२.५५० मध्ये आहेत. हे सगळं बीसी१२५एटी ऐकतो. त्याला ५१२ मेगाहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही आणि डिजिटल आवाज कळत नाही.

पैसे देण्याआधी रेडिओरेफरन्स या संकेतस्थळावरच्या फ्रिक्वेन्सींच्या सूचीत सांताक्रूझ काउंटी उघडा आणि तुम्हाला हव्या असलेल्या प्रत्येक खात्यापुढचा ‘मोड’चा रकाना वाचा. एफएमएन, म्हणजे साधं ॲनालॉग, लिहिलं असेल तर स्वस्त स्कॅनर चालेल. पी२५ असेल तर डिजिटल लागेल. पुढे ई असेल तर ते एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे बाहेरच्याला कळू नये म्हणून कुलूपबंद केलेलं, त्याचा नाद सोडा. ही दहा मिनिटं मी २०१६ मध्ये खर्च केली नाहीत. तेव्हा आम्ही फ्रीमाँटला होतो. चारशे डॉलरचा डिजिटल स्कॅनर घेतला, आणि तो माझ्या अभ्यासिकेत गुळण्या केल्यासारखा बोलायचा. अंगणात नेला की बरा. मला वाटलं यंत्र खराब आहे, बदलून आणलं, तेच. नंतर कळलं की तिथे अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणं एकाच वेळी पाठवतात. जत्रेत मैदानाच्या दोन टोकांना कर्णे लावलेले असले की मध्ये उभ्या माणसाला शब्द एकमेकांवर चढलेले ऐकू येतात ना, तसं होतं. जुन्या डिजिटल स्कॅनरना ते सोडवता येत नाही. एसडीएस१०० नेमका यासाठी बनवलेला आहे, म्हणून तो महाग आहे. तुम्ही अजून सनीव्हेललाच असता तर गोष्ट वेगळी होती.

आता फोनच्या ॲपबद्दल. महिनाभर ते जरूर ऐका, कान तयार होतो. पण ॲपमधला आवाज म्हणजे कुणीतरी हौसेने आपल्या घरी स्कॅनर लावून इंटरनेटवर सोडलेला असतो. तो थोडा उशिरा येतो, आणि त्या माणसाची वीज गेली की तो प्रवाहच थांबतो. तुमच्याकडे मोबाईलचा टॉवर बंद पडला तरी तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये वणव्याच्या भीतीने वीज तोडली गेली तेव्हा मरिन काउंटीतले अर्ध्याहून जास्त मोबाईल टॉवर बंद होते. ज्या दिवशी खरी गरज असते, नेमका त्याच दिवशी फोन मुका होतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये आम्ही बोल्डर क्रीकला भाड्याच्या घरात होतो. १६ तारखेला पहाटे विजा पडल्या, पाऊस जवळजवळ नाहीच. १८ च्या संध्याकाळी वारा फिरला. बिग बेसिनच्या बाजूचं आकाश तांबडं झालं होतं आणि घरात फोनची एक दांडी येत-जात होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर स्कॅनर चालू होता. त्यावर जेमिसन क्रीक रोडचं नाव परत परत येऊ लागलं, मग एक अधिकारी आगीचे आणखी बंब मागत होता आणि पलीकडून शांतपणे सांगितलं गेलं की सध्या देण्यासारखं कुणी नाही. ते वाक्य ऐकलं आणि मी बायकोला म्हटलं, ऊठ, निघायचं. बेअर क्रीक रोडने आम्ही १७ नंबरला लागलो. तेव्हा रस्ता मोकळा होता. मागाहून निघालेल्या आमच्या ओळखीच्या कुटुंबाला तेवढ्याच अंतराला खूप वेळ लागला. त्या वणव्यात ८६,००० एकरांहून जास्त जंगल आणि सुमारे १,५०० इमारती गेल्या. आमचं घर वाचलं, शेजारचं गेलं. त्या आवाजाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. स्वतः आगीच्या तोंडाशी उभा राहून तो माणूस इतकं स्पष्ट बोलत होता.

स्कॅनर आला की पहिलं काम अँटेना बदलण्याचं. सोबत येणारी आखूड रबरी अँटेना कामचलाऊ असते. १५१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण पन्नास सेंटिमीटर होते, आणि हायवे पेट्रोलच्या ४२ ला पावणेदोन मीटर. त्यामुळे बीएनसी जोडाची, ताणून लांब होणारी टेलिस्कोपिक अँटेना घ्या आणि फ्रिक्वेन्सीप्रमाणे लांबी कमी-जास्त करा. खिडकीशी ठेवा, फ्रिजवर नको.

यंत्रात पन्नास-पन्नास चॅनेलच्या दहा बँका आहेत. यूएसबी केबलने संगणकावरून भरा, बटणांनी भरायला बसलात तर रविवार जाईल. पहिल्या बँकेत कॅलफायर आणि स्थानिक अग्निशमन दलं, दुसरीत हायवे पेट्रोल आणि हवामान. एवढंच. टोनचा (ठरावीक सूर असलेलाच सिग्नल ऐकवणारा) रकाना रिकामा सोडा, म्हणजे काही निसटणार नाही.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे माणसं फसतात. कमांड चॅनेल, म्हणजे हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांचा, डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरमधून (आलेला आवाज जोरात पुढे पाठवणाऱ्या यंत्रातून) येतो, तो तुम्हाला खोऱ्यातही ऐकू येईल. पण टॅक चॅनेलवर आगीशी प्रत्यक्ष झुंजणारी माणसं हातातल्या सेटवरून थेट एकमेकांशी बोलतात, आणि मध्ये एक डोंगरकडा आला की तो आवाज तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा स्कॅनर गप्प आहे म्हणून आग शांत आहे असं समजू नका. घर सोडण्याचा हुकूम काउंटीकडून येतो. त्यासाठी फोनवर इशाऱ्यांची नोंदणी करा आणि घरं रिकामी करण्यासाठी पाडलेल्या भागांपैकी तुमचा झोन क्रमांक पाठ करा. स्कॅनर हा त्याआधीचा अर्धा तास मिळवण्यासाठी आहे.

सासूबाईंसाठी मराठीत एक कागद लिहून फ्रिजवर लावा. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे धोका येऊ शकतो. म्हातारी माणसं, लहान मुलं, जनावरं घरात असतील तर आत्ताच निघा. ‘ऑर्डर’ म्हणजे लगेच निघा. ‘स्पॉट फायर’ म्हणजे उडालेल्या ठिणग्यांनी पुढे लागलेली नवी आग. खाली तुमच्या घराच्या आसपासच्या आठ-दहा रस्त्यांची नावं लिहा. त्यांना इंग्रजीचं प्रत्येक वाक्य कळायची गरज नाही, ही नावं कानावर आली की तुम्हाला फोन करायचा किंवा शेजाऱ्यांचं दार वाजवायचं. आधी चार वेळा सराव करून घ्या, नाहीतर घाबरतील.

प्रश्न : सॅन होजेत राहतो. पोलिसांचं बोलणं ऐकायला एसडीएस१०० घेतला तर चालेल ना? कायद्याची अडचण? आणि डिसेंबरमध्ये पुण्याला जातोय, वडिलांना एक नेऊ का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : सॅन होजे पोलिसांसाठी नका घेऊ. त्यांचं बोलणं एन्क्रिप्टेड आहे, आणि ते उलगडणारा स्कॅनर बाजारात नाही, विक्रेता काहीही म्हणो. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय विभागाने पत्रक काढलं की नागरिकांची खासगी माहिती उघड्या रेडिओवर जाऊ नये, आणि त्यानंतर एकेका शहराने सगळंच बोलणं झाकलं. मला हे पटत नाही. पालो आल्टोने २०२१ मध्ये असंच केलं आणि २०२२ मध्ये पोलिसांचा रेडिओ पुन्हा खुला केला. खासगी तपशील तेवढा वेगळ्या मार्गाने सांगायचा. जे तिथे जमलं ते इतरत्रही जमावं. आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा, मी दोन लिहिली आहेत. अग्निशमन दलासाठी घ्यायचा असेल, तर सॅन होजेत ते ७०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल जाळ्यावर आहेत आणि तिथे एसडीएस१०० चे पैसे वसूल होतात.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात उघडं बोलणं ऐकायला हरकत नाही. ऐकलेलं गुन्ह्यासाठी वापरणं किंवा पोलीस ज्याच्या मागावर आहेत त्याला कळवणं हा गुन्हा आहे. न्यूयॉर्ककडे गाडीने जाणार असाल तर यंत्र घरी ठेवा, तिथे परवान्याशिवाय गाडीत पोलीस-रेडिओ चालत नाही.

पुण्याला नेऊ नका. भारतात असं बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवानगी लागते. १९३३ च्या कायद्याने तेच सांगितलं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तेच आहे. विमानतळावर कस्टममध्ये अडकलात तर सुट्टीचा पहिला दिवस तिथेच जाईल, आणि वडील बाहेर ताटकळत उभे राहतील. त्यांना रेडिओची खरी आवड असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा देऊ द्या. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन परवाने आहेत, वयाची वरची अट नाही. परवाना हातात आला की त्यांच्यासाठी सेट मीच सुचवीन, पुन्हा पत्र लिहा.