जनरल एज्युकेशन: आधी कॅटलॉग उघड

जनरल एज्युकेशन, म्हणजे मुख्य विषय कोणताही असला तरी सगळ्यांना घ्यावे लागणारे कोर्स, हे उगाच गळ्यात मारलेले असतात, ही समजूत आधी काढून टाक. अमेरिकेत बॅचलर पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात आणि त्यातला बराच मोठा वाटा हाच असतो. लेखन, गणित, विज्ञान, कला असे गट. प्रत्येकातून ठरावीक क्रेडिट.

तू प्रवेश घेतलास त्या वर्षीचा कॅटलॉग (कोर्स आणि पदवीच्या अटींची विद्यापीठाची पुस्तिका) सहसा तुला लागू होतो. सीनियरची यादी डोळे झाकून उतरवू नकोस. मी उतरवली होती. भूगर्भशास्त्राचा लॅब नसलेला कोर्स घेतला आणि शेवटच्या सत्रात डिग्री ऑडिटमध्ये (पदवीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या ते दाखवणाऱ्या तक्त्यात) 'लॅब सायन्स'पुढची चौकट रिकामीच! 3 क्रेडिट पदरात पडले, अट मात्र तशीच.

खरी मेख दुहेरी मोजणीत आहे. मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) स्टॅटिस्टिक्स घ्यायचंच असेल, तर ते गणिताच्या गटातही धरतात का, हे विचार. कुठे धरतात, कुठे नाही. अ‍ॅडव्हायजर हो म्हणाले तर ते ईमेलवर घे. तोंडी होकार वर्षभराने कुणाला आठवतोय?

लेखन आणि गणित पहिल्या वर्षीच उरक, पुढच्या बऱ्याच कोर्सना तीच पूर्वअट असते. कलेचा एखादा कोर्स जड सत्रासाठी राखून ठेव. (चित्रकला मात्र सोपी समजू नकोस, रात्री जागवते.)