जुन्या बोर्डावरच्या ४११६ मेमरीला −५ व्होल्ट कुठून द्यायचे?

सप्लायमध्ये +५ आणि +१२ आहेत, मग −५ साठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. ४११६ ला −५ लागतात ते फक्त चिपच्या सबस्ट्रेटला (चिप ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बनते त्याला), आणि तिथे करंट जवळजवळ नसतोच. डेटाशीटप्रमाणे एका चिपला जास्तीत जास्त २०० मायक्रोअँपिअर, म्हणजे आठ चिपांना १.६ मिलिअँपिअर.

तेवढं काम आयसीएल७६६० ही +५ चे −५ करणारी छोटी चिप आरामात करते. सोबत १० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, बास. पहिला कपॅसिटर ५ व्होल्टला चार्ज होतो. मग आतले स्विच बदलतात, त्याचा प्लस पाय ग्राउंडला जातो आणि मायनस पाय आपसूक ग्राउंडच्या ५ व्होल्ट खाली उतरतो. तो चार्ज दुसऱ्या कपॅसिटरला मिळतो, हे सेकंदाला हजारो वेळा. आउटपुटचा रोध साधारण ५५ ओहम, त्यामुळे तुमच्या लोडला ०.१ व्होल्टचीसुद्धा घट होत नाही. ४११६ ला १० टक्के फरक चालतो. मात्र आउटपुटच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला लावा, सवयीने उलटा लागतो. आणि साध्या ७६६० ला १२ व्होल्ट कधीही देऊ नका, तिची मर्यादा १० आहे.

खरी काळजी क्रमाची घ्या. −५ इतरांच्या आधी किंवा सोबत यायला हवेत आणि सर्वांत शेवटी जायला हवेत. −५ नसताना +१२ मिळाले की चिप तापते आणि मरते. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरमध्ये हेच होतं: बोर्डावरच्या कन्व्हर्टरचा ट्रान्झिस्टर गेला की −५ जातात आणि खालच्या १६ केच्या चिपा बळी पडतात. ७६६० चं आउटपुट +५ नंतर थोडं उशिराच उठतं, म्हणून +१२ ला वेगळा स्विच ठेवा: चालू करताना शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

सप्लाय पीसीचा एटीएक्स असेल तर मी ७६६० सुद्धा वापरणार नाही. निळ्या वायरवर −१२ असतात. तिथून ७९एल०५ हा −५ चा रेग्युलेटर लावून −५ काढा. सगळ्या लाईन जवळपास एकत्र उठतात, क्रमाची धास्ती बरीच कमी होते.

काहीही निवडा, पहिल्यांदा पॉवर देताना मेमरी सॉकेटमधून काढून ठेवा आणि रिकाम्या सॉकेटच्या १ नंबरच्या पिनवर मीटर लावून −५ दिसतायत ना ते बघा.